निरोपाचा विडा

पहाटेचे धुके रुद्रमाळ गडाच्या तटाला बिलगून होते, नगाऱ्यावर पहिली टिपरी अजून पडायची होती, आणि सदरेच्या पायऱ्या चढताना कारभारी शिवदेवपंत रोजच्यासारखे थबकले. कारण पायरीवर धोंडजी खराडे बसलेला त्यांना दिसला. धोंडजीला जाऊन वर्षे लोटली होती. पंतांनीच बेलभंडार देऊन, खंडोबाची आण वाहून त्याला बोलणीसाठी गडावर आणले होते, आणि थोरल्या महाराजांनी पंतांना न विचारता याच पायरीवर त्याची गर्दन मारली होती. पंत तेव्हा गप्प राहिले. राज्याचे हित म्हणून गप्प राहिलो, असे ते जगाला सांगत. पण पहाट झाली की ते भंडारा लावलेले कपाळ काही केल्या डोळ्यांपुढून हलत नसे.

आता धोंडजीचा मुलगा रवळोजी गडावर उतरला होता. काळकडा किल्ला त्याच्या ताब्यात होता आणि धाकट्या राजांच्या नावाने गादी सांभाळणाऱ्या आऊसाहेबांना तो किल्ला हवा होता. बापासारखाच रवळोजीही पंतांच्याच बेलभंडारावर आला होता. बापाचे ठाऊक असून कसा आलास, असे पंतांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला होता, "आई सांगते, पंतांनी दगा दिला नाही, पंतांनाच दगा झाला." त्या शब्दांनी पंतांच्या काळजाला घरे पडली होती.

बोलणीत रवळोजीने विचाराला अवधी मागितला, आणि तेवढ्याने आऊसाहेबांचा धीर सुटला. सकाळी सदर भरली तेव्हा त्यांच्यापुढे चांदीच्या तबकात एकच विडा मांडलेला होता.

"रवळोजी खराड्याचे शिर जो आणील, त्याने हा उचलावा."

पंतांनी परोपरीने विनवले, की दिला शब्द पाळावा, किल्ला आपसूक येईल. आऊसाहेबांनी ऐकले नाही. लेकरू लहान आहे, दारात वैरी ठेवून मला झोप कशी यावी, एवढेच त्या म्हणाल्या. एक तरणा सरदार पुढे सरकला. त्याचा हात पोचण्याआधी पंतांनी विडा उचलला. एकाने उचललेल्या विड्याच्या कामात दुसऱ्याने हात घालायचा नाही, ही दरबारची रीत सगळेच जाणून होते.

महादरवाजाजवळच्या डेऱ्यात रवळोजी पागोटे बांधत होता आणि बाहेर पहारेकरी त्याच्यावर नजर ठेवून होते. सदरेवर काय घडले ते त्यांच्या कानी आले नव्हते. पण सरकारी तबकातला विडा कारभाऱ्याने पाहुण्याच्या हाती ठेवला म्हणजे त्याला निरोप मिळाला, आणि त्यानंतर त्याची वाट अडवणे म्हणजे गादीचा अपमान, एवढे त्यांनाही कळत होते. पंतांनी त्यांच्यादेखत हात पुढे केला. हातात तबकातला तो विडा होता.

"एवढ्यात निरोप, पंत?" रवळोजीने विचारले.

"सरकारातून आला आहे. उभ्यानेच घ्यावा आणि घोड्यावर बसावे."

रवळोजीने विडा तोंडात टाकला, सदरेच्या दिशेने मुजरा केला आणि तो गड उतरला. पहारेकऱ्यांनी त्याला वाट दिली. खालच्या वळणावर घोडा दिसेनासा होईपर्यंत पंत तिथेच उभे होते. मग आपल्या पायांनी सदरेवर परतले.

"विडा कुठे आहे?" आऊसाहेबांनी विचारले.

"ज्याच्यासाठी मांडला होता, त्याला दिला."

"याची शिक्षा ठाऊक आहे?"

"आहे, आऊसाहेब. मागच्या खेपेला हीच भीती वाटली, म्हणून गप्प राहिलो होतो."

दिवस मावळण्यापूर्वी पंतांचा कडेलोट झाला.

पुढे थोड्याच दिवसांत काळकड्याहून जासूद आला. भरल्या सदरेत मुजरा करून त्याने रवळोजीचा निरोप सांगितला: हाती सापडलेला माणूस सरकारांनी मानाचा विडा देऊन सुखरूप परत पाठवला, बापाचे शल्य त्या दिवशी निघाले, किल्ला गादीच्या पायांशी ठेवतो, मात्र कुलूपकिल्ल्या पंतांच्याच हाती देईन.

आऊसाहेबांनी पदर तोंडाला लावला. मानकऱ्यांनी माना खाली घातल्या. जासूद बिचारा वाट पाहत राहिला, आणि शेवटी अदबीने म्हणाला, "पंतांना संगं घेऊनच ये, असं धन्यानं बजावलंया. त्यांच्यासाठी घोडा बी आणलाय. कवा निघायचं?"