आपल्यातला

मुलाखतीच्या खोलीचं दार वल्लरीनं आतून ढकललं आणि नेमकं तेव्हाच बाहेरून सार्थकनं ओढलं. ती थेट त्याच्या अंगावर, आणि त्याचा चहा त्याच्याच शर्टावर!

"सॉरी... भाजलं का?"

"थोडंसं. पण मॅडम, तुम्ही हसताय!"

नाशिकच्या त्या शेती सल्ला केंद्रात ती चार वर्षं होती. तो सटाण्याच्या शाखेतून मुलाखतींपुरता आजच आलेला. शेतकऱ्यांशी फोनवर बोलायला एक माणूस हवं होतं, आणि निवडायचं होतं या दोघांनी.

मुलाखती पंधरा दिवस चालल्या. डबे एकत्र उघडू लागले. त्याच्या ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं की तो विचारायचा, "मिरचीनं, की मी जाणार म्हणून?"

"मिरचीनंच!" ती म्हणायची... नजर चुकवून.

शेवटी दोन नावं उरली आणि सगळं बिनसलं.

"विहंग," वल्लरी म्हणाली. "किती स्वच्छ बोलतो!"

"मैना. जीव लावून बोलते."

"मला तिचं अर्धं कळलंच नाही."

"तुम्हाला नाही कळलं. विहंग तुमच्या शाळेतला, तुमच्या गंगापूर रोडचा. आपल्यातला वाटला... हो ना?"

तिचे कान तापले. "आणि मैना सटाण्याची नाही? ती अहिराणीत 'पान पिवळं शे का, भाऊ' म्हणाली आणि तुमचा चेहरा असा खुलला, जसं काही घरीच पोचलात!"

सार्थक डबा न उघडताच उठून गेला.

सगळीकडची माणसं हवीत, असं ऑफिसात सगळ्यांत मोठ्यानं वल्लरीच म्हणायची. संध्याकाळी तिनं मैनाच्या चाचणी-फोनचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. औषधाचं नाव सांगण्याआधी मैनानं विचारलं होतं, फवारताना चक्कर तर आली नाही ना? विहंगला ते सुचलंच नव्हतं.

सकाळी तिनं कागदावर मैनाचं नाव लिहून पुढे केलं. सार्थकच्या कागदावर होतं—विहंग!

"हे काय?"

"जे येत नव्हतं ते त्यानं सरळ सांगितलं, विचारून कळवतो म्हणाला. मैनानं एका ठिकाणी ठोकून दिलं होतं. मीच कानाआड केलं."

दोघंही हसली, पण मोकळं वाटेना. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकून मैनाला घेतलं, विहंगला राखीव ठेवलं. काम संपलं.

"चारची एसटी आहे," बॅग उचलत सार्थक म्हणाला. दारापाशी थबकला. "मॅडम... पंधरा दिवस मी तुमच्यात माझ्यासारखं काहीतरी शोधत होतो. बोलणं, जेवण, घरदार... काही सापडलं असतं तर आईला सांगायला सोपं गेलं असतं."

"मग?"

"काहीच सापडलं नाही. तरी पाय निघत नाही."

"माझे बाबा रामकुंडावर पूजा सांगतात. पहिला प्रश्न हाच येईल—आपल्यातला आहे का?"

"काय सांगाल?"

"नाही म्हणून सांगेन. आणि मला हाच हवाय, तेही सांगेन. पण एकटीला भीती वाटते. रविवारी येशील... तू?"

त्या 'तू'नं सार्थक क्षणभर बघतच राहिला. मग त्यानं बॅग खाली ठेवली.

"रविवार कशाला? आत्ताच जाऊ. चल."