थांबायला शिकवलेला कॉम्प्युटर

हेब्बाळला आमच्या घराच्या खालच्या खोलीत मी दुपारी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. टेबलांवर चार, आणि कोपऱ्यात एक जुना, मोठा. मुलांची सगळी कामं त्या मोठ्याच्या फोल्डरमध्ये असतात. बाकीचे तिथूनच ती उघडतात. मुलं गेली की मी भिंतीवरचं मेन बटण बंद करतो. कारखान्यातल्या नोकरीची सवय. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की सगळे एकदम सुरू होतात.

घोटाळा त्यातूनच झाला. एका दुपारी फोल्डरवर लाल फुली दिसू लागली.

"गुरुअण्णा, माझा फोल्डर हरवला!" भार्गवी रडवेली झाली.

ही चौथीतली पोर, माझ्या मित्राची नात. तिचा अज्जा, म्हणजे विद्याधर, दिवाळीआधी गेला. शेवटचे काही महिने तो इथे येऊन तिच्यासाठी एक गोष्ट बोलून तिच्या फोल्डरमध्ये साठवत असे: समुद्र शोधायला निघालेल्या हत्तीची, स्वतः रचलेली. शेवटच्या वेळी मी शेजारीच बसलो होतो. हत्ती घाटमाथ्यावर आला आणि विद्याधरला धाप लागली. गोष्ट तिथेच राहिली. हत्तीला समुद्र मिळाला का, हे भार्गवी भेटेल त्याला विचारायची.

"हरवला नाही गं, पुट्टी. मोठा म्हातारा आहे, हळू उठतो. तुझा टुणकन उठतो, त्याला हाक मारतो, आणि ओ आली नाही की रुसून बसतो."

"मोठा तुमच्यासारखा हळू?"

"माझ्यासारखाच. आपण तुझ्याला थांबायला शिकवू."

चारही कॉम्प्युटरना तसं शिकवलं: आधी मोठा जागा होऊ दे, मग फोल्डर माग. फुल्या गेल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी भार्गवी हसत होती. "अज्जानं आज थोडी पुढची सांगितली."

"जुनीच असेल, नीट आठव."

"नाही. हत्ती घाट उतरतोय."

मी ऐकलं. हत्ती घाट उतरत होता. ओल्या दगडांवरून, सोंडेनं वेली बाजूला सारत. आवाज विद्याधरचाच, किंचित घोगरा.

मागे कधीतरी मी नसताना बोलून ठेवलं असेल, असं मी ठरवलं.

तरी पुढच्या दुपारी मी मोठ्याचा प्लगच काढून ठेवला. भार्गवी लवकर आली, आपला कॉम्प्युटर लावून बसली. मी मागे उभा राहिलो. फुली यायला हवी होती.

फोल्डर उघडला.

तिच्या कॉम्प्युटरमध्ये एखादी प्रत राहिली असेल, म्हणून सगळं तपासलं. काही नव्हतं. मग नेटवर्कची वायर उपसली आणि हातात धरली.

गोष्ट चालूच होती.

"अण्णा, वायर लावा ना परत."

"का गं?"

"अज्जाला त्रास होतोय. बघा, दमला."

खरंच, स्पीकरमधून धाप ऐकू येत होती. मी घाईनं वायर लावली. का लावली, सांगता येणार नाही. श्वास सावकाश झाला.

"स्वल्प थांब हं, भार्गवी," विद्याधर म्हणाला. "पुढची गुरू सांगेल."

ती माझ्याकडे वळली. "सांगा ना."

"मला कुठे येते, बाळ? त्यानं मला कधी सांगितलीच नाही."

"शू. सुरू झाली."

हत्ती वाळूत आला. पहिली लाट पायाला लागली तेव्हा घाबरून मागे सरला, मग पुन्हा पुढे गेला. सांगणाऱ्याला घाई नव्हती. मध्येच थांबून तो विचारत होता, "समजलं का?" भार्गवी हनुवटी टेबलावर टेकून मान डोलावत होती. इतकी खूश ती अज्जा गेल्यापासून दिसली नव्हती.

स्पीकरमधून येणारा तो आवाज माझा होता. आणि त्याच्यामागे, अगदी जवळ बसून, विद्याधर हसत होता.