मागची खुर्ची

"मॅडम, तुम्ही परत ट्रिमला हात लावलात."

"माझे दोन्ही हात मांडीवर आहेत. तू पुढे बघ."

"मग हे कोण करतंय?"

उजवीकडे बसलेल्या परीक्षक बाईंनी हनुवटीनेच समोर खूण केली. खाली ढग सायीसारखे पसरले होते, संध्याकाळ त्यांत विरघळत होती, आणि मागे प्रवासी पेंगत होते. आज विमान स्वतःच्या हाताने उतरवलं तर डावीकडे सुकाणू धरून बसलेला तो कॅप्टन होणार होता. बाईंनी बोट जरी लावलं तरी नापास. मागच्या खेपेला झालाच होता. खोड एकच. दावणीचं वासरू पळेल की काय, असं सुकाणू आवळून धरायचा. वेग बदलला की हातावर ओझं येतं, ते अंगठ्याखालच्या ट्रिमने उतरवायचं, हे काही त्याच्या हाडात मुरत नव्हतं.

पंखांमागचे फ्लॅप्स खाली आले, विमानाचं नाक उचललं गेलं. तो जोर लावणार एवढ्यात भरल्या बादलीला दुसऱ्या कुणी हात घालावा तसं सुकाणू हलकं झालं. त्याचा अंगठा तर हललाही नव्हता.

"बिघाड आहे. मी ट्रिमची वीज तोडतो."

"तोड."

त्याने बटण दाबलं. ट्रिमचा काटा जागीच थांबला. ओझं मात्र उतरतच राहिलं...

"लवंगेचा वास येतोय. लवंग खाताय का तुम्ही?"

"मला सोसत नाही."

धावपट्टीचे दिवे वर तरंगत आले. नाक जरासं उचललं, आणि चाकं कधी टेकली ते कळलंसुद्धा नाही.

प्रवासी उतरून गेले, इंजिनं निवली, तरी त्याचा राग निवला नव्हता.

"नापास करायचं तर करा मॅडम, पण खोटं बोलू नका. विमान तुम्हीच उतरवलंत."

"माझे हे याच मार्गावर उडायचे," बाई काचेकडे बघत म्हणाल्या. "तोंडात सदा लवंग. निवृत्त झाल्यावर मी विमान कसं उतरवते ते बघायला मागच्या खुर्चीत येऊन बसायचे. तिथेच गेले, चाकं टेकायच्या आधी."

"गोष्टी नकोत मला. पास की नापास, तेवढं सांगा."

तणतणत तो उठला. मागची ती स्प्रिंगची खुर्ची, माणूस उठला की आपोआप मिटणारी, वाटेत उघडी होती. त्याने ती वर लोटली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली, तरी हलेना.

बाई हळूच म्हणाल्या, "पास की नापास ते त्यांनाच विचारू, पण तोवर ती ओढू नकोस रे, माणूस बसलंय."