सशाची हजेरी

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे मामा आहेत. त्यांना थापा मारता येत नाहीत. मारायला गेले की स्वतःच आधी हसतात. ही गोष्ट सांगताना ते एकदाही हसले नाहीत.

आणि हो, यात अमावस्येची रात्र वगैरे काही नाही. सगळं घडलं ते भरदुपारी, पडदे बाजूला सारलेल्या, लख्ख उजेडाच्या एका खोलीत. मला विचाराल तर म्हणूनच जास्त भीती वाटते.

मामा आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. निवृत्त झाले तरी नजर तशीच बारीक राहिली. छंद एकच, इवले इवले प्राणी जमवायचे. अंगठ्यापेक्षा मोठा प्राणी चालायचा नाही. लाकडी, काचेचे, पितळी, मातीचे, सगळ्या जातीचे. प्रत्येकाचा फोटो काढायचा, उंची मोजायची, कुठे मिळाला ते लिहून ठेवायचं आणि पोटाखाली नंबर घालायचा. नंबर घालायचीही रीत ठरलेली. आधी पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात, त्यावर बारीक निबाने आकडा, त्यावर पुन्हा नेलपॉलिश. चुकलं तर रिमूव्हरचा बोळा फिरवला की जागा कोरी. नेलपॉलिश अर्थातच मामीचं.

मामी म्हणायची, "माझी नखं तशीच आणि यांच्या गाढवांना मात्र पॉलिश!"

या छंदात मामांचा जोडीदार एकच. मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे. जुन्या बाजारात दोघं बरोबर जायचे, टोपल्या बरोबर उपसायचे आणि परत येताना भांडायचे. मास्तरांचा हट्ट म्हणजे फक्त चिनी मातीचे प्राणी. त्यामागे त्यांचं एक वेड होतं.

मास्तर त्यांची हजेरी घ्यायचे.

दुपारची झोप झाली की फळीसमोर उभं राहायचं आणि एकेका प्राण्याला नखाने हलकीशी टिचकी मारायची. अखंड माती असेल तर आवाज येतो, टिण्ण. मग मास्तर स्वतःच म्हणायचे, "हजर." पुढचा. टिण्ण. हजर. पण कुठे केसाएवढी चीर असली, डोळ्यांना दिसतही नाही अशी, तर आवाज बसतो. ठक. अशा वेळी मास्तर थांबायचे. पुन्हा टिचकी मारायचे. गैरहजर पोराचं नाव दुसऱ्यांदा घ्यावं तसं.

दोघांकडेही एक पांढरा ससा होता. एकाच टोपलीत, एकाच दिवशी सापडलेली जोडी. एक कान उभा, एक दुमडलेला. टोपलीत मास्तरांचा हात आधी गेला आणि अखंड ससा त्यांना मिळाला. मामांच्या सशाच्या पोटाखाली चीर निघाली.

"तुमच्या सशाचा घसा बसलाय हो," मास्तर चिडवायचे. "जरा गरम पाणी पाजा त्याला."

मामा हसायचे. पण ते मनाला लागायचं. वर्षानुवर्षं लागत राहिलं.

मग मास्तर गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही, दवाखाना नाही.

काही आठवड्यांनी वहिनींनी मामांना बोलावून घेतलं. मास्तरांच्या पत्नीला मामा वहिनीच म्हणायचे.

"भाऊजी, यांच्या शाळेला द्यायचं ठरवलंय सगळं," वहिनी म्हणाल्या. "ते काचेचं कपाट करतायत. पण त्यांना नीट यादी हवी, फोटोसकट. यांनी तुमचं बघून पोटाखाली आकडे घातले तेवढेच, बाकी सगळं यांच्या डोक्यात. तुमच्याशिवाय कोण करणार?"

मामा रोज दुपारी जायला लागले. मास्तरांच्या खोलीत टेबल, खिडकी आणि ती फळी. दार उघडं. दाराबाहेरच वहिनी खुर्चीत डोळे मिटून बसायच्या. मामांना वाटायचं, डुलकी काढतायत. बिचाऱ्यांना रात्री झोप लागत नसेल.

त्यांनी मामांवर पूर्ण खोली टाकली होती. एकदाही आत डोकावल्या नाहीत.

आणि मामांनी काय केलं?

एके दिवशी ते आपला चिरलेला ससा चष्म्याच्या घरात घालून घेऊन आले. नुसता ताडून बघायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. शेजारी शेजारी ठेवले. हुबेहूब.

शाळेच्या कपाटात कुलूप लागणार. तिथे कोण टिचकी मारून बघणार आहे? चोरी कुठे आहे ही? ससा घ्यायचा, ससा ठेवायचा. नुसती अदलाबदल.

रिमूव्हरचा बोळा दोन्ही सशांच्या पोटावरून फिरला. मास्तरांच्या हातचा आकडा पुसला गेला. तोच आकडा मामांनी आपल्या सशाच्या पोटावर लिहिला, मास्तरांच्या वळणाने. वरून नेलपॉलिश. सगळं आटपून, अखंड ससा चष्म्याच्या घरात घालून ते बाहेर आले, तर वहिनी चहा घेऊन उभ्या.

"दमलात ना?" त्या म्हणाल्या. "किती करता हो यांच्यासाठी."

मामांनी तो चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टेबलाशी लिहीत बसले होते. फळी पाठीमागे. घरात शांतता.

आणि मागून आवाज आला...

टिण्ण.

त्यांना वाटलं, स्वयंपाकघरात चमचा पडला असेल.

टिण्ण... टिण्ण...

एका लयीत. डावीकडून उजवीकडे सरकत येणारा. मामांच्या हातातलं पेन थांबलं. हा आवाज त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. फक्त मधला "हजर" तेवढा नव्हता. त्याच्या जागी रिकामी जागा होती, श्वास घेण्याएवढी.

टिण्ण...

मग...

ठक.

सगळं थांबलं.

ठक. पुन्हा एकदा. जरा जोरात.

मामा गर्रकन वळले. फळीसमोर कुणी नव्हतं. प्राणी जिथल्या तिथे. दाराबाहेर वहिनी तशाच डोळे मिटून बसलेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

मामांनी घरी येऊन मामीला सांगितलं, कान तपासून घ्यायला हवेत. मामी म्हणाली, "मी हाक मारते तेव्हा ऐकू येत नाही, ते आधी तपासा."

खाई त्याला खवखवे. मामांना कळत होतं कान ठीक आहेत ते. तरी त्यांनी एक करून पाहिलं. ससा उचलून रांगेत अगदी शेवटी ठेवला. त्या दुपारी रांग पूर्ण वाजली, आणि शेवटी, ठक. ठक. मग त्यांनी ससा टेबलाच्या खणात टाकला. वाटलं, नसेलच तर वाजणार काय?

त्या दुपारी टिण्ण टिण्ण करत आवाज सशाच्या मोकळ्या जागेपाशी आला... आणि थांबला.

काहीच नाही.

मामा सांगतात, ती शांतता सगळ्यात वाईट होती. कुणीतरी पाठीमागे उभं राहून वाट बघतंय, हे पाठीला कळत होतं. रागावून नाही. शांतपणे. पोरगा आपणहून उभा राहील म्हणून थांबावं, तसं. उठून खण उघडणं मामांना जमलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मग पुढचा प्राणी वाजला.

टिण्ण.

त्या संध्याकाळी मामांनी ठरवलं. बस झालं. उद्या गुपचूप ससा परत ठेवायचा, आकडा पुन्हा लिहायचा, विषय संपवायचा. वहिनींना कळायला नको. त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी अखंड ससा चष्म्याच्या घरात, चष्म्याचं घर सदऱ्याच्या खिशात, रिमूव्हरची बाटली पिशवीत. सगळी तयारी.

पण त्या दिवशी वहिनी खोलीतच बसल्या होत्या. टेबलावर एक छोटी पुठ्ठ्याची पेटी, आत कापूस.

"यादी होत आली ना?" त्या म्हणाल्या. "मग आता सांगते. यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. सगळं शाळेला दे, पण ससा तेवढा तुझ्या भाऊजींना दे. म्हणायचे, टोपलीत माझा हात आधी गेला, पण जीव त्याचा जडला होता. मी उगाच चिडवत राहिलो."

मामांची नजर टेबलाच्या खणाकडे गेली.

"कुठेय तो? खणात? अहो, फळीवर दिसला नाही म्हणून घाबरले मी."

त्यांनी स्वतः खण उघडला आणि ससा तळहातावर घेऊन, पदराने पुसून, मामांपुढे टेबलावर ठेवला. मामांचाच ससा. घसा बसलेला.

"एकदा वाजवा ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पेटीत घालण्याआधी. किती दिवसांत ऐकला नाही."

मामांना पळून जावंसं वाटत होतं. पण वहिनी अशा काही बघत होत्या की नाही म्हणता येईना. त्यांनी बोट पुढे केलं. आता ठक वाजणार. आता सगळं उघडं पडणार.

त्यांनी टिचकी मारली...

टिण्ण.

स्वच्छ. गोड. लांबत गेलेला.

पण तो टेबलावरून आला नाही.

तो त्यांच्या खिशातून आला. छातीशी. चष्म्याच्या बंद घरातून. सदऱ्याआड ती थरथर त्यांच्या कातडीला जाणवली.

"किती गोड वाजतो," वहिनी म्हणाल्या.

मास्तर ओरडले असते, अंगावर आले असते, तरी परवडलं असतं. त्यांनी तर सांभाळून घेतलं होतं. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, उघडून वहिनींसमोर ठेवलं आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. रिमूव्हर, खोटा आकडा, तो चहा, रोजची हजेरी, सगळं.

वहिनींनी पेटीतला कापूस नीट केला.

"मला ठकच ऐकू आलं," त्या म्हणाल्या.

मामांनी वर बघितलं.

"आत्ता. तुम्ही टिचकी मारलीत तेव्हा. अहो, इतकी वर्षं यांच्याबरोबर काढली. ठक आणि टिण्ण मला कळत नाही का? हा ससा यांचा नाही, हे तेव्हाच कळलं."

"मग... गोड का म्हणालात?"

"तुमचं तोंड बघून. घाम फुटला होता तुम्हाला. म्हटलं, जाऊ दे. एका सशावरून माणूस कशाला घालवायचं?"

मामांनी अखंड ससा वहिनींच्या पुढ्यात सरकवला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते दुसरं काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "हजेरीचं."

"रोज येते, वहिनी. दुपारी. तुमचा डोळा लागलेला असतो तेव्हा."

"माझा डोळा लागलेला नसतो हो."

"हे गेल्यापासून रोज मी या वेळेला दाराशी बसते. डोळे मिटून. एकदा तरी ऐकू येईल म्हणून कान लावून बसते. नुसतं टिण्ण नाही, ठकसुद्धा चाललं असतं मला." त्या थांबल्या. "मला एकदाही नाही आलं ऐकू. आणि तुमच्याकडे रोज आले ते?"

रागाने म्हणाल्या असत्या तर मामा सहन करू शकले असते. वहिनींनी ते खरंच विचारलं होतं. उत्तर हवं होतं त्यांना. ससा परत करता आला. हे कसं परत करायचं?

प्राणी शाळेत गेलेच नाहीत. वहिनींनी नाही म्हणून कळवलं. अखंड ससा फळीवर आपल्या जागी बसला. मामांनी स्वतःचा संग्रह बासनात बांधून माळ्यावर टाकला. मामीने कारण विचारलं, त्यांनी सांगितलं नाही.

पण दर आठवड्याला एका दुपारी मामा वहिनींकडे जातात. वहिनींनीच तशी विनंती केली. मामा टेबलाशी बसतात आणि वहिनी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघतात. आवाज आला की मामांनी मान हलवायची. तेवढंच.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. खोटं कशाला सांगू, मला काहीच ऐकू आलं नाही. बाहेर कुठेतरी नळ वाहत होता, तेवढाच आवाज. पण मामांची मान हलायला लागली. हळूहळू, एका लयीत. वहिनींचे डोळे त्या हलत्या मानेवर खिळलेले. ओठ आवाज न करता हलत होते. हजर. हजर. हजर.

सशाच्या वेळीही मामांनी मान हलवली. मग रांग संपली असावी, कारण वहिनींनी सुस्कारा सोडला.

पण त्यानंतर मामा दचकले.

त्यांचा हात झटकन कानाकडे गेला. कानाची पाळी लालभडक झाली होती, नुकतीच कुणी टिचकी मारावी तशी. त्यांच्या मागे फक्त फळी होती. वहिनी समोर होत्या, मी दाराशी.

"झाली का?" वहिनींनी विचारलं.

"झाली," मामा म्हणाले आणि कानावरचा हात काढला नाही.

परत येताना मी त्यांना खूप विचारलं. त्यांनी एवढंच सांगितलं की शेवटचा एक आवाज, रांग संपल्यावर कानाशी येणारा ठक, ते वहिनींना कधी सांगत नाहीत, आणि तू पण सांगू नकोस. निघताना मी मागे वळून पाहिलं होतं. वहिनी पुन्हा दाराशी खुर्ची ओढून, डोळे मिटून बसल्या होत्या.