ममताकडची पाहुणी

ममताचा मेसेज आला तेव्हा मी माझ्या मुलाच्या, डीनच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते. "फिलो, एकदा ये ना इकडे. किती वर्षं झाली." सोबत एक फोटो होता. हिरवट पाणी, आणि त्यात उतरत गेलेल्या शेवाळलेल्या पायऱ्या.

ममता आणि तिचा नवरा व्हिवियन पूर्वी आमच्याबरोबर याच फ्लॅटमध्ये राहायचे. लग्न करून दुबईत नवीन आलो तेव्हा अल मनखूलमधला हा टू-बेडरूम दोन जोडप्यांनी मिळून घेतला होता. किचन एक, वॉशिंग मशीन एक, शुक्रवारी चर्चला जायची टॅक्सीही एकच. व्हिवियन आमच्या वसईचा, ममता चिपळूणची. व्हिवियन शेफ. त्याला व्हेनिसच्या एका हॉटेलात नोकरी लागली आणि दोघं गेले. सुरुवातीला रोज फोन व्हायचे. मग कधीतरी. मग फक्त वाढदिवस आणि नाताळ. लांब गेलेल्या माणसांचं असंच होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

"या वेळी मी जाऊनच येते," मी आर्थरला म्हटलं.

आर्थर माझा नवरा. शारजातल्या एका मार्बल कंपनीत आहे. दर सप्टेंबरला दगडांच्या प्रदर्शनासाठी व्हेरोनाला जातो. व्हेनिस तिथून ट्रेननं जवळच. ममताला भेटून ये, असं मी दर वेळी सांगायचे आणि दर वेळी तो म्हणायचा, टाइम कुठे मिळतो.

"नोव्हेंबरमध्ये कशाला?" तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "पाणी भरतं तिकडे."

"सुट्टी आत्ताच मिळतेय."

डीन म्हणाला, "मम्मा, ब्रिंग मी अ मास्क. द वन विथ द लाँग नोज." आणि जायचं ठरलं.

मी दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कला आहे. चेहरे लक्षात ठेवणं हे माझं कामच. कोण पहिल्यांदा आलंय, कोण परत आलंय, हे मला पासपोर्ट हातात घ्यायच्या आधी कळतं. म्हणून सांगते, जे पाहिलं ते मी नीट पाहिलं.

ट्रेन पाण्यावरच्या लांब पुलावरून व्हेनिसमध्ये शिरली तेव्हा दोन्ही बाजूंना धुकं होतं. स्टेशनच्या पायऱ्यांवर ममता उभी होती. अंगानं भरली होती, कानांजवळ पांढरं डोकावत होतं. तिनं मला घट्ट मिठी मारली. मग माझे दोन्ही दंड धरून मला थोडं लांब केलं आणि बघत राहिली.

"केस वाढवलेस," ती म्हणाली.

माझे केस कॉलेजपासून एवढेच आहेत. तिला विसर पडला असेल, असं वाटलं.

ती राहते तो भाग कन्नारेजो. टुरिस्ट फारसे नाहीत. कालव्याकाठची अरुंद वाट, ओल चढून पोपडे आलेल्या भिंती, दोऱ्यांवर न वाळलेले कपडे. हवेला खाऱ्या पाण्याचा आणि कुजक्या लाकडाचा वास होता. आमची पावलं वाजत होती, पण धुक्यात तो आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा.

वाटेत एका छोट्या कॅफेत थांबलो. काउंटरमागचा म्हातारा मला बघून हसला.

"चाओ, फिलो."

मी काही सांगायच्या आत त्यानं माझ्यासमोर कॉफी ठेवली. वर दालचिनीची पूड. मी घरी अशीच घेते.

"तू सांगून ठेवलं होतंस याला?" मी विचारलं.

"हो," ममता म्हणाली. तिनं तिची कॉफी उभ्या उभ्या एका घोटात संपवली. "चल, व्हिवियन वाट बघतोय."

तिच्या दारापाशी एक म्हातारी शेजारीण भेटली. तिनं माझ्या गालावर हात ठेवला आणि इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. ममतानं घाईघाईनं उत्तर दिलं. म्हातारीनं हात काढून घेतला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं, या वेळी निरखून, आणि छातीवर क्रूस काढत आत गेली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. थंडी आहे म्हणाली."

व्हिवियननं बाटली मसाला घालून सुरमईचं कालवण केलं होतं. वसईचा वास त्या ओल्या घरात भरून राहिला होता. जेवताना आम्ही मनखूलच्या आठवणी काढल्या. वॉशिंग मशीनमधून किचनभर फेस आला होता, तो किस्सा व्हिवियननं साभिनय सांगितला. खूप दिवसांनी मी पोट धरून हसले. आपलीच माणसं आहेत ही, असं वाटलं.

"आणि दोन वर्षांपूर्वी इथे पाणी शिरलं तेव्हा?" व्हिवियन हसत हसत म्हणाला. "तू तांदळाचा डबा डोक्यावर घेऊन खुर्चीवर उभी..."

ममतानं त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला.

"मी?" मी म्हटलं. "मी पहिल्यांदा येतेय इथे."

"हो, हो. ती दुसरी कुणीतरी होती." तो उठून ताट धुवायला गेला. ताटात अजून भात होता.

ममतानं मला छोट्या खोलीत नेलं, जरा पड म्हणाली. पलंग, खिडकी, खाली कालवा. दारामागे निळा गाऊन टांगलेला, उशाशी खोकल्याच्या औषधाची बाटली. उशी मधोमध दुमडून ठेवलेली. मी तशीच झोपते, मान दुखते म्हणून. आर्थर त्यावरून मला चिडवतो.

मी पलंगावर टेकले.

गादी गरम होती.

मी हात फिरवून पाहिला. एका माणसाच्या अंगाएवढीच जागा गरम होती. बाकी चादर ओलसर, गार. उशीवर केस होते. काळे, आखूड कापलेले. त्यात एक पांढरा. मी गाऊन हुंगला. त्याला माझा वास येत होता. स्वतःचा वास माणसाला कळत नाही म्हणतात. मला कळला.

मी किचनमध्ये गेले. दोघं टेबलाशी बसले होते. माझीच वाट बघत असावेत.

"इथे कोण राहतं?"

व्हिवियन टेबलावरचे भाताचे कण बोटानं गोळा करू लागला. ममता म्हणाली, "बस, फिलो."

मी बसले नाही.

"आम्ही इथे आलो, त्या पहिल्या हिवाळ्यात माझं मूल गेलं," ती म्हणाली. "पाचवा महिना होता. आईलासुद्धा कळवलं नव्हतं. हा ड्युटीवर. मी एकटी याच टेबलाशी बसून होते. दार वाजलं. उघडलं तर तू."

"मी दुबईत होते, ममता."

"हातात बॅग नव्हती. अंगात पातळ कॉटनचा ड्रेस. मी विचारलंच नाही कशी आलीस. तू मला जवळ घेतलंस. न्हाऊ घातलंस. सात-आठ दिवस हलली नाहीस."

"मला तर तू हे आत्ता सांगतेयस."

"हो."

बाहेर एक बोट गेली. तिच्या लाटा खालच्या भिंतीला लागत राहिल्या.

"कळलं कधी?" मी विचारलं. माझा आवाज डेस्कवरच्यासारखा सरळ येत होता.

"तुझा फोन आला तेव्हा. दुबईहून. आर्थरशी भांडण झालं म्हणून रडत होतीस. मी तुझं ऐकत होते आणि तू समोर बसून पोहे खात होतीस. तिनं मान वर करून पाहिलं. तिलाही कळलं की मला कळलंय."

तो फोन मला आठवत होता. ममता हळू आवाजात हो, हो म्हणत राहिली होती आणि लवकर ठेवला होता. त्यानंतरच फोन कमी होत गेले.

"आणि तू काय केलंस?"

"तिला चहा दिला."

मी व्हिवियनकडे पाहिलं.

"ती आपलीच आहे, फिलो," तो म्हणाला. "कुणाचं वाईट करत नाही. येते, राहते, जाते. कुठे जाते माहीत नाही. आम्हीपण विचारत नाही. परक्या देशात..."

"इतकी वर्षं. मला एकदा सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस," ममता म्हणाली. "आणि मग ती आली नसती."

ती हे वाईटपणानं म्हणाली नाही. एखादी साधी अडचण सांगावी तसं म्हणाली. म्हणून ते जास्त लागलं.

"मग आता का बोलावलंत?"

"तिनंच सांगितलं, एकदा बोलवा. तुला बघायचं म्हणाली. पण आज सकाळपासून घाबरली होती. आपण जेवत असताना हळूच निघून गेली."

"बोलाव तिला."

"नको."

"ममता, बोलाव तिला."

"ती तुला घाबरते गं."

ममताच्या डोळ्यांत पाणी होतं. ते माझ्यासाठी नव्हतं.

मी खिडकीशी गेले. कालव्याच्या पलीकडे, पुलाच्या पायथ्याशी, एक बाई उभी होती. करड्या कोटातली. केस कापलेले. दोन्ही हात बगलेत घालून, थंडीत मी उभी राहते तशी. ती खिडकीकडेच बघत होती.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. चेहरे वाचणं माझं काम आहे. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. हेवा नव्हता. कधी एकदा पाहुणी जाते आणि आपल्याला घरात जाता येतं, एवढंच होतं.

ममतानं मागून येऊन पडदा ओढला. हळूच, आवाज न करता.

मी बॅग उचलली. कुणी थांब म्हणालं नाही. जिन्यात व्हिवियननं बॅग घ्यायला हात पुढे केला, मी दिली नाही. खाली दाराबाहेर आले तेव्हा पुलाशी कुणी नव्हतं. मी स्टेशनच्या दिशेनं वळले. पाठीमागे दार लागलं. मग पुन्हा उघडल्याचा आणि पुन्हा लागल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिलं नाही.

आर्थर मला घ्यायला एअरपोर्टवर आला होता. "लवकर आलीस," एवढंच म्हणाला. मक्तूम ब्रिजवर ट्रॅफिक होतं. दुपारचं ऊन समोरच्या काचेवर आदळत होतं, एसीची गार हवा गुडघ्यांवर येत होती. आपल्या गाडीत, आपल्या माणसाशेजारी बसल्यावर मला रडू फुटलं. मी त्याला सगळं सांगितलं. कॉफी, गादी, ममता काय बोलली ते, पडदा. तो हसेल किंवा डॉक्टरकडे जाऊ म्हणेल, असं वाटलं होतं. मी त्यासाठी तयार होते. किंबहुना त्यानं तसं म्हणावं, अशीच माझी इच्छा होती.

त्यानं एसी थोडा कमी केला. काही विचारलं नाही.

मनखूलमध्ये बिल्डिंगखाली त्यानं गाडी लावली. इंजिन बंद केलं. पण उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला.

"तिचा खोकला," तो म्हणाला, "बरा आहे का आता?"