आवाज गुरूचाच होता

संगप्पानं रिक्षा भुवनेश्वरीअक्काच्या दारात उभी केली आणि इंजिन बंद करायचंच विसरला.

अक्का म्हणजे चौकशीवाली बाई. पोरगा दारू पितो का, पोरीचं शिक्षण खरं का, लग्नाआधी असलं सगळं हुडकून काढायची. संगप्पा तिचा रिक्षावाला आणि जोडीदार. डोकं जरा सावकाश चालायचं त्याचं, पण माणूस जिवाला जीव देणारा.

आज मात्र तोच गिऱ्हाईक होऊन आलता.

"अक्का, माज्या पोरावर, गुरूवर बंदी घातली."

"कसली बंदी?"

"मोबाईलवर गेम खेळतो की. शुक्रवार पेठेतल्या मुकुंदच्या कॅफेचा ग्रुप हाय, आख्ख्या सोलापूरची पोरं त्यात. परवा संध्याकाळी खेळता खेळता गुरूनं एका पोरीला घाण शिव्या दिल्या म्हणं. रविवारच्या फायनलमदनं काढलं. आन आज सा वाजता त्या शिव्यांची क्लिप सगळ्या ग्रुपवर टाकणार हायत. कालिजात तोंड कसं दाखवणार त्यो? दोन दिस जेवला न्हाय."

"त्यानंच दिल्या का?"

संगप्पाची मान खाली गेली. "न्हाय म्हणतो. मला झोपच न्हाय अक्का. आदी वाटलं, शेजारच्या शेडातले यंत्रमाग बंद हायत म्हणून. साखर पेठेत ऱ्हातो आमी, मागाच्या खटखटीबिगर डोळा लागत न्हाय. मालकाच्या पोरीचं लगीन हाय वळसंगला, आठवडा झाला शेडला कुलूप. पण खरं सांगू? भ्या वाटतंय. पोरगं आपलं, पण दार लावून कुणाला काय बोलतंय, कुणाला ठावं?"

अक्कानं चपला घातल्या. "चल. आणि ते इंजिन एकतर बंद कर, नाहीतर मला बसू दे."

कॅफेत मुकुंद खुर्चीवर टेकून बसलेला. तिशीचा गडी, ग्रुपचा मालक तोच आणि न्यायाधीशही तोच.

"मॅडम, मुलीला शिवी दिली की त्याच तासाला बंदी. माझा नियम आहे."

"आणि पोराला दिली तर?"

"पोरांच्या तक्रारी ढिगानं येतात. दुपारी भांडतात, संध्याकाळी परत एकत्र खेळतात. कुणाकुणाचं बघू?"

त्यानं क्लिप लावली.

"जा घरी, भांडी घास! तेवढीच लायकी हाय तुजी!" फुडं आईवरनं शिवी. शेवटाला बारीक खोकला. मागं एकसारखी खटखट, खटखट. मधी एका पोरीचा घाबरा आवाज, 'कोण बोलतंय?' मग परत तेच वाक्य, तीच शिवी, तसाच खोकला.

संगप्पानं भिंतीला हात लावला. आवाज गुरूचाच होता. सकाळी 'अप्पा, च्या' म्हणून मागतो, तोच.

"दोनदा बोललं की बेरड," तो पुटपुटला.

अक्का मुकुंदला म्हणाली, "आयडी पण त्याचीच?"

"त्याचीच. एक आयडी एका वेळी एकाच मोबाईलवर चालते. दुसरीकडं उघडली की पहिल्याला बाहेर फेकते."

"पासवर्ड आणि कुणाकडं असतो?"

"देणं मना आहे. पण परीक्षा आली की पोरं चोरून जोडीदाराला देतात. खेळ थांबून रँक पडू नये म्हणून."

जिला शिव्या दिल्या ती उत्कर्षा तितंच कोपऱ्यात बसली होती. कॉलेजची पोर. मोबाईल पालथा घालून त्यावर हात दाबून धरलेला.

"ओळख होती का गं गुरूची?" अक्कानं विचारलं.

"नाही हो काकू. एकदा त्यांच्या जोडीशी हरलो आम्ही, तेवढंच. बोलणं कधीच नाही."

"आता गुरू गेला तर फायनलला कोण?"

"आम्हीच," ती हळूच म्हणाली. "पण मला नाही खेळायचं. घरी कळलं तर माझाच मोबाईल काढून घेतील."

बाहेर येताच संगप्पा कुजबुजला, "अक्का, हिचंच काम! फायनल मिळाली की!"

"आणि गुरूचा आवाज कुठनं आणला तिनं?"

अक्कानं गुरूला फोन लावला.

"परवा संध्याकाळी काय झालं रे?"

"खेळत होतो काकू. मधीच आपोआप बाहेर पडलो. वाटलं नेटवर्क गेलं."

"पासवर्ड कुणाला दिला होतास?"

तिकडनं फोन बंद.

"चोराच्या मनात चांदणं दिसतंय हे," संगप्पा रडवेला झाला. "अक्का, माजंच पोरगं..."

"गप्प रिक्षा चालव. त्याच्या जोडीदाराकडं."

जोडीदार म्हणजे राजशेखर. त्याची आई रत्नम्मा खानावळ चालवायची. पोरगं मागच्या मोरीपाशी उकिडवं बसून कढया घासत होतं, कोपरापर्यंत फेस.

संगप्पाला त्याची दया आली. "गुरू गेला म्हंजे तूबी गेलास की रे फायनलमदनं."

"व्हय काका. जाऊ दे."

"शिव्या द्यायचा का गुरू?" अक्का.

"सगळेच देतात."

"तुला?"

घासून लख्ख झालेली कढई राजशेखरनं परत घासायला घेतली.

रिक्षात बसता बसता संगप्पा म्हणाला, "ह्याचा काय संबंध न्हाय. सोताची फायनल कोण घालवंल?"

अक्का घड्याळाकडं बघत होती. "गुरूला कॅफेत बोलाव. राजशेखरलाही आण."

सहाला थोडा वेळ होता. मुकुंदचा अंगठा मोबाईलवर तयारच होता. गुरू दारापाशी उभा, डोळे सुजलेले. संगप्पाला त्याच्याकडं बघवंना.

"ही क्लिप परवाची नाही," अक्कानं सुरुवात केली. "मागची खटखट ऐका. संगप्पा, कसली आहे?"

"मागाची की. आमच्या शेजारच्या..." संगप्पा थबकला. "आयला! पण शेडला तर आठवडा झाला कुलूप हाय!"

"म्हणजे बोलणं जुनं, आणि गुरूच्या घरातलं. शिवाय माणूस तेच वाक्य दोनदा बोलेल, पण नेमका तसाच खोकला त्याच जागी परत येत नाही. पोरगी विचारतेय कोण बोलतंय, तरी उत्तर नाही. कुणीतरी गुरूची आयडी उघडली, गुरू बाहेर फेकला गेला, आणि त्याचा जुना, रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज तिला ऐकवला."

"मग मूळ बोलला कुणाला?" मुकुंद.

"तिथंच फसलो आपण. भांडी घास म्हटलं म्हणजे पोरीलाच म्हटलं असणार, असं धरून चाललो. मीसुद्धा. मग खानावळीत एक पोरगा भांडी घासताना दिसला."

सगळ्यांच्या माना वळल्या. राजशेखर हात खिशात घालून उभा होता.

"गुरू घरनं ज्याच्याशी रोज बोलायचा तो हाच. परीक्षेत पासवर्ड ज्याला दिला तोही हाच. देणं मना, म्हणून गुरू गप्प बसला."

"पण ह्याची बी फायनल गेली की अक्का!"

"त्याला कप नको होता संगप्पा. गुरूचं तोंड बंद करायचं होतं."

"दोनदा लिहिलं मी मुकुंददादाला," राजशेखरचा आवाज फाटला. "हरलो की आईवरनं देतो म्हणून. दादा म्हणाला, मनावर घेऊ नको, पोरांत चालतंच. मुलीला बोलला तरच बंदी येते. मग..." त्यानं उत्कर्षाकडं बघितलं. "तुला त्रास द्यायचा नव्हता."

"पण दिलास की," ती म्हणाली. "फोन वाजला तरी दचकते मी. कुणाच्या का भांडणात, ऐकलं तर मीच ना?"

राजशेखरनं मान खाली घातली.

मुकुंदनं घसा खाकरला. "क्लिप टाकत नाही. राजशेखरवर बंदी. गुरूवरची उठवतो, रविवारी खेळू दे."

ह्याच्यासाठीच तर संगप्पा सकाळपासनं धावत होता. त्यानं गुरूकडं बघितलं.

"ह्या राजाला बोललास त्ये?"

"व्हय अप्पा."

"किती येळा?"

"मोजलं न्हाय."

संगप्पा मुकुंदकडं वळला. "बंदी ऱ्हाऊ द्या सायेब. कारण तेवढं खरं लिवा. पोरीला शिव्या दिल्या म्हणून नगं. जोडीदाराला दिल्या म्हणून. आन फुडच्या येळी पोरगं लिवंल तवा वाचा."

मुकुंद लाल झाला, पण मान हलवली त्यानं.

बाहेर संगप्पा रिक्षात बसला. अक्का मागं. राजशेखर पायरीवर होता, गुरू त्याच्यापासनं हातभर लांब.

"राजा, मी..."

"आत्ता नको," राजशेखर म्हणाला.

गुरू तितनं हलला न्हाय. संगप्पानं त्याला हाक मारली न्हाय. किल्ली हातात धरून तो नुसता बसून राहिला.