खोलीत पाच जण होते

आमच्या कामात रेकॉर्डिंग नसतं. लोकांना हे खरं वाटत नाही. एक जण प्रश्न विचारतो, दुसरा हाताने लिहून घेतो, आणि पाच दिवसांच्या आत त्याचा टाइप केलेला अहवाल तयार होतो. पुढे कोर्टात तो अहवाल म्हणजेच साक्षीदाराचे शब्द. साक्षीदार खोटं बोलला तर गुन्हा, पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा. लिहिणारा चुकला तर काय, हे कुठेच लिहिलेलं नाही.

मी लिहिणारा. सत्तावीस वर्षं तेच केलं. प्रश्न विचारायचा लोनी ग्रिग्स, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला म्हातारबा म्हणायचा.

वॉशिंग्टनमधल्या त्या कचेरीला पाटी नव्हती. फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचे. रस्त्यापलीकडे सतत बातमीवाल्यांचे कॅमेरे असत, म्हणून खिडक्यांचे पडदे दिवसाही बंद. राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराच्या प्रचारातल्या माणसांनी परक्या सरकारची मदत घेतली का, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. कुठल्या सरकारची, ते मला अजूनही सांगता येत नाही. माझी बायको व्हर्ना निवडणुकीच्या आधीच्या ऑगस्टमध्ये गेली. ही चौकशी पुढच्या मे महिन्यात सुरू झाली, तेव्हा मी होऊन अर्ज केला. तिथे शनिवार-रविवारीही काम असतं, असं ऐकलं होतं.

मेरीबेथ कोवाच आमच्यासमोर पहिल्यांदा आली ती जूनमध्ये. वय सव्वीस, ओहायोतल्या यंग्सटाउनची. प्रचारात ती बैठकांच्या खोल्या आणि गाड्या ठरवायची. आदल्या वर्षीच्या १९ ऑगस्टला, शुक्रवारी दुपारी अडीच वाजता, एका हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर तिने छोटी खोली घेतली होती. तिथे उमेदवाराचा एक सल्लागार एका परदेशी व्यापाऱ्याला भेटला. व्यापाऱ्याने टेबलावर जाड पिवळं पाकीट ठेवलं, असं मेरीबेथ सांगत होती. पाकीट नव्हतंच, असं सल्लागाराचा वकील सांगत होता. व्यापारी आपल्या देशी निघून गेला होता.

"खोलीत किती जण होते?" ग्रिग्सने विचारलं.

"पाच."

"नीट मोज. तू, सल्लागार, व्यापारी आणि त्याची दुभाषी. चार होतात."

"मोजलेत मी. चहा-कॉफी मीच मागवली होती. पाच कप."

"मग पाचवा कोण?"

"पाचवी. एक बाई. ओळख कुणीच करून दिली नाही. मला वाटलं, त्यांच्याबरोबर आलीय. त्यांना वाटलं असेल, आमच्याबरोबर. असल्या बैठकीत कोण कुणाला नाव विचारतं, साहेब?"

"काय करत होती ती?"

"काहीच नाही. टी-बॅगचा दोरा कपाच्या कानाला गुंडाळत होती. तीन वेढे."

मी लिहून घेतलं. तीन वेढे लिहिताना पेन जरा थांबलं. असं बरेच लोक करतात, असं म्हणून मी पुढे गेलो.

बाहेर आल्यावर ग्रिग्स म्हणाला, "पोरगी कुणाला तरी झाकतेय. पाचवी म्हणे! उद्या सहावा म्हणून घोडाही निघेल."

आमच्या वरिष्ठ वकील होत्या इमोजेन हॅलोरन. त्यांचंही तेच मत. सल्लागाराचा वकील चार म्हणतो, दुभाषी चार म्हणते. मग ही पाच म्हणते याचा अर्थ, कुणाला तरी वाचवायला ही बाई तिने बनवली. आणि बाई खोटी ठरली की पाकीटही खोटं. त्यांनी मेरीबेथवर खोट्या जबानीचं आरोपपत्र लिहायला घेतलं.

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरातली त्या दिवशीची चिठ्ठी मागवली. चार कॉफी, एक चहा.

"वेटर काय डोकी मोजतात होय?" ग्रिग्स म्हणाला.

"चहा कुणी घेतला, तेवढं दुभाषीला विचार."

दुभाषी सत्तरीची बाई होती, व्हर्जिनियात एकटी राहणारी. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो. स्टोव्हवर बीटचं सूप शिजत होतं. ग्रिग्सने चहाबद्दल विचारल्यावर तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दुभाष्याने बोलणाऱ्याकडे लक्ष द्यायचं असतं. ती बोलली नाही. म्हणून मी तिला मोजलं नाही."

"म्हणजे होती?"

"होती की. ऑगस्टमध्ये हिरवा स्वेटर घालून आली होती, म्हणून लक्षात राहिली. पुढून बटणांचा. तिसरं बटण वेगळं होतं, तपकिरी, कोटाचं. काळ्या दोऱ्याने लावलेलं. कुणा पुरुषाच्या हातचं काम असणार. बाई असं लावत नाही."

ग्रिग्स हसला. मी लिहीत राहिलो. त्या पानावर माझं अक्षर बिघडलेलं आहे, आजही दिसतं.

ते बटण मी लावलं होतं. त्या वसंतात व्हर्नाची बोटं चालेनाशी झाली होती. हॉस्पिटलात एसीचा गारठा असायचा, म्हणून गाऊनवर तो स्वेटर घालायची. त्याच स्वेटरमध्ये आम्ही तिला पुरलं.

घरी येऊन मी कागद घेतला आणि मुद्दे लिहिले. ही माझी सवय आहे. पहिला संशय हाच की मला गुंतवायला कुणीतरी तिच्यासारखी बाई तिथे बसवली. परक्या देशाची माणसं असले उद्योग करतात. पण बैठक झाली तेव्हा मी या चौकशीत नव्हतो. चौकशीच नव्हती. ते बटण कुठल्या फोटोतही नाही, आणि व्हर्ना चहाच्या दोऱ्याला तीन वेढे द्यायची हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि १९ ऑगस्टला व्हर्ना बाल्टिमोरच्या हॉस्पिटलात होती. त्या हॉटेलपासून चाळीस मैल. अकरा दिवस तिने डोळे उघडले नव्हते. सोमवारी, २२ तारखेला ती गेली.

कागदावर आणखी काही लिहिण्यासारखं सुचलं नाही.

मेरीबेथला पुन्हा बोलावलं तेव्हा आरोपपत्र टाइप होऊन हॅलोरनबाईंच्या टेबलावर पडलं होतं. दुभाषीचा अहवाल मी अजून दिला नव्हता, आणि ग्रिग्सच्या मते तीही कुणाला तरी झाकत होती. त्या म्हणाल्या, "आज चार म्हणाली तर घरी जाईल. पाच म्हणाली तर मी सही करते."

साक्षीदाराला फोटो दाखवायचे तर सहा दाखवायचे, असा नियम आहे. पाच आमच्या फाईलमधले होते. सहावा मी घातला. ग्रिग्सला सांगितलं नाही. नियम मोडल्याची ती माझी पहिली वेळ.

मेरीबेथचे ओठ कोरडे पडून फुटले होते. बसल्या बसल्या म्हणाली, "आई खाली गाडीत बसलीय. तिने सँडविच दिलेत, तुमच्यासाठीपण. नको म्हणालात तर मलाच बोलेल."

"ठेव तिथे," ग्रिग्स म्हणाला. "हे बघ बाळ, शेवटचं विचारतो. किती जण?"

ती रडायला लागली. "चार म्हटलं तर सोडाल ना मला? माहितीये. माझा वकीलही म्हणतो, चार म्हण. पण पाच होते हो. मी काय करू?"

ग्रिग्सने फोटो पिसून मांडले. तिने नाक पुसलं आणि क्षणभरही न थांबता चौथ्या फोटोवर बोट ठेवलं.

"ही. फक्त तेव्हा डोक्यावर केस नव्हते फारसे."

फोटोत व्हर्नाचे केस खांद्याखाली होते. औषधांनी ते गेले, हे मेरीबेथला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ग्रिग्सने फोटो उलटून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. "ही कोण रे, म्हातारबा? फाईलमध्ये नाही ही."

"माझी बायको," मी म्हणालो.

ग्रिग्सने फोटो उचलला आणि मला हॅलोरनबाईंच्या खोलीत नेलं. 

हॅलोरनबाईंनी दार लावून घेतलं. "वॉल्ट, तू हे लिहिलंस तर तुझा एकही अहवाल कोर्टात टिकणार नाही. चाळीस अहवाल आहेत."

"नाही लिहिलं तर ती तुरुंगात जाईल."

"तुझी बायको तिथे असूच शकत नाही."

"नाही, मॅडम."

"मग?"

"पोरीने जे सांगितलं, ते लिहायचं. माझं काम तेवढंच आहे."

मी लिहिलं. दोरा, बटण, केस, फोटो मी घातला तेही. संध्याकाळी त्यांनी माझं ओळखपत्र ठेवून घेतलं. दुभाषी आणि हॉटेलची चिठ्ठी दोन्ही पाच सांगत असताना आरोपपत्र चालणार नव्हतं. ते मागे घेतलं.

पुढच्या आठवड्यात माझी जबानी झाली. दोन अनोळखी माणसं. एकाने विचारलं, दुसऱ्याने लिहिलं.

"१९ ऑगस्टला दुपारी दोन ते पाच कुठे होतात?"

"बायकोच्या उशाशी. हात हातात धरून."

"मध्ये उठलात?"

"नाही."

"डोळा लागला?"

"नाही."

मी वाचून सही केली.

खाली फुटपाथवर मेरीबेथ उभी होती. तिची आई गाडी सुरू ठेवून बसली होती. मेरीबेथने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमची नोकरी गेली ना माझ्यामुळे?"

"असू दे. नीट जा घरी."

ती गेली नाही. "साहेब, एक गोष्ट मी सांगितली नाही. ती बाई काही बोलली का, हे तुम्ही विचारलंच नाहीत. आणि मला वाटलं, आधीच वेडी समजताहेत."

"काय बोलली?"

"निघताना. दाराशी. मी म्हटलं, गाडी बोलावू का तुमच्यासाठी? तर म्हणाली, नको, चालत जाते. तो उठायच्या आत पोचायला हवं."

आईने हॉर्न वाजवला. मेरीबेथ गेली.

मी झोपलो होतो.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको मरत होती आणि मी खुर्चीत झोपलो, हे कुणाला सांगणार? सही केलेल्या कागदावरही सांगितलं नाही. दुपारच्या जेवणाचे ट्रे उचलून नेले तेव्हा जागा होतो. डोळे उघडले तेव्हा चार वाजून गेले होते.

तिचा हात माझ्या हातात नव्हता. पांघरूण पायांवरून सरकलं होतं, म्हणून मी ते नीट करायला गेलो. आठवडाभर तिचे पाय दगडासारखे गार होते. तेव्हा ते गरम लागले.

मी नर्सला बोलावलं. तिने पाय उचलून पाहिले.

"काळजी करू नका," ती म्हणाली. "पडून राहिलं की टाचेला असा फोड येतो."

मी मान डोलावली. फोड ताजा होता. टाच गादीला टेकते तिथे नव्हता. थोडा वर होता, बूट चावतो तिथे.